बुजवलेला खाना

त्या दिवशी मी पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला दोन कामांसाठी गेले होते. माझी नात सम्यका, तिच्या आधार कार्डावर जन्माची तारीख चुकली होती, ती दुरुस्त करायची होती. आणि मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, रिव्हॉल्व्हरची किंमत विचारायची होती. आधारचं काम झालं नाही, मशीन बंद होती. दुसरं काम झालं.

लाइट आता लवकर येत नाही, बसा. मेणबत्ती तेवढी इकडे सरकवा, तुमच्या पदराजवळ आहे.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे, दहावी शिकलेली. आमच्या घरात भूतखेत, करणी कुणी मानत नाही. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, ती मी रोज पुसते. म्हणून ही गोष्ट वस्तीत कुणाला सांगितली नाही. जसं झालं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

मामाजी, बापूराव, वनखात्यात वनपाल होते. सागवान चोरांनी एकदा त्यांना झाडाला बांधून मारलं होतं, तेव्हा त्यांना लायसन्स मिळालं आणि त्यांनी एका म्हाताऱ्या लाकूड ठेकेदाराकडून ही जुनी विलायती रिव्हॉल्व्हर विकत घेतली. पण त्यांनी ती कधी चालवलेली मी पाहिली नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले. लायसन्सवाला गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या दुकानात जमा करावं लागतं. मी ते चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात जमा केलं होतं. मालक थकलेले, घरीच असायचे. सगळं बिरजू मिस्त्री बघायचे.

आता माझा मुलगा राजदीप. माजरीकडे एका ठेकेदाराच्या हाताखाली गार्ड होता. स्वतःची बंदूक असलेल्या गार्डला पगार जास्त मिळतो, म्हणून त्याला वारसाहक्कानं ती स्वतःच्या नावावर हवी होती. आणि मला ती त्याच्या हातात जाऊ द्यायची नव्हती.

माझंच पोर, पण खरं सांगते. भात गिजगा झाला म्हणून त्यानं दिव्यानीला, माझ्या सुनेला, कुकरच्या झाकणानं मारलं होतं. एकदा नाही, झाकण वाकेपर्यंत. भुवईवर सात टाके पडले. ती सम्यकाला घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली. कुकरच्या झाकणानं असं मारणारा माणूस रिव्हॉल्व्हर घेऊन काय करेल, हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

फोनवर तो म्हणाला, "आई, लाखाच्या वर गेली तर विक. मी गाडी घेतो. नाई तर माझ्या नावानं होऊ दे. आठ-दहा हजारासाठी आजोबाची निशाणी विकून राह्यली का तू?"

म्हणजे सगळं किमतीवर होतं. तेवढ्यासाठी मी गेले होते.

बिरजू मिस्त्री साठीचे, बारीक, कानात अत्तराचा फाया. काउंटरवर पांढरं फडकं अंथरून त्यांनी रिव्हॉल्व्हर ठेवली. दुकानाच्या पायरीवर एक पिवळं कुत्रं झोपलेलं होतं. मिस्त्री म्हणाले, "हा आमचा चौकीदार. बारा वर्षांपासून ड्युटीवर झोपून राह्यला." मी हसले.

मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि नळीपासून मुठीपर्यंत ती उलटसुलट फिरवून पाहिली.

"बाई, ही जशी कारखान्यातून निघाली तशी असती ना, तर नागपूरले एक डॉक्टर आहेत. शौकीन माणूस. काचेच्या कपाटात ठेवते, वाजवत नाई. ते सव्वा लाख देते आजच्या आज."

"आणि अशी?"

"अशी आठ हजार. तेही तुमचं तोंड पाहून." त्यांनी बोटानं मूठ दाखवली. "हे सांबराचं शिंग आहे. मूळची लाकडाची मूठ कोणीतरी काढली अन् हे बसवलं. शिंग असली वस्तू विकाल तर वनखात्याचा गुन्हा. वनपालाच्या घरी हे कसं चाललं, त्यांनाच माहीत." मग त्यांनी मधलं चाक बाहेर काढून फिरवलं. "गोळीचे सहा खाने. पाच खुले. सहावा पाहा, दोन्हीकडून पितळ वितळवून बुजवला. अन् हा घोडा, ज्याचं टोक गोळीवर आपटते, ते टोक कानशीनं घासून सपाट केलं. ही वाजूच शकत नाई. मालकानं नळीचा एक ओरखडा पुसला तरी शौकीन दहा हजार कमी करते. इथी तर तीन मालकांनी तिले लंगडी करून सोडली."

"ते दुरुस्त होत नाही का?"

"घोडा माझ्याकडे आहे, ह्याच कारखान्याच्या एका मेलेल्या रिव्हॉल्व्हरचा. पितळ ड्रिलनं निघेल. मूळची मूठ पाहिजे. ती कुठून आणाल?"

मूठ आमच्या घरी होती. धानाच्या ढोलीत, तळाशी, कापडात गुंडाळून मामाजींनी ठेवलेली; त्यांना ती रिव्हॉल्व्हरसोबत वेगळीच मिळाली होती. लाकडाचे दोन तुकडे. रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात आणि मूठ धानात, असं ते तीस वर्षं सांभाळत होते. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "नूतन, ते दोन एका ठिकाणी ठेवू नको." म्हाताऱ्या माणसांच्या अशा शंभर गोष्टी असतात. मी कारण विचारलं नाही.

मी आनंदानं घरी आले, तुम्हाला खोटं वाटेल. बसमध्ये मनातल्या मनात गाडीचा रंगसुद्धा ठरवत होते.

दुसऱ्या आठवड्यात मूठ पिशवीत घालून निघाले. बसला गर्दी होती. मांडीवर पिशवी, पिशवीत हात, हातात ते लाकूड. लाकूड गुळगुळीत होतं आणि गरम. धानात राहून गरम असेल, असं वाटलं. शेजारी एक बाई पोराला घेऊन बसली होती. पोर सात-आठ महिन्यांचं, सारखं रडत होतं. मी अंगणवाडीतली बाई, रडणारी पोरं माझ्या रोजच्या हातातली. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या लक्षात आलं की मी त्याची मान बघते आहे. केवढी आहे, माझ्या दोन बोटांत मावेल का, एवढंच. राग नव्हता. मनात काहीच नव्हतं. फक्त उजवा हात जड झाला होता, जसा भरल्या घागरीनं होतो.

मी हात पिशवीतून बाहेर काढला आणि गोंडपिपरीच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर धरून ठेवला. कंडक्टर ओरडला, तरी आत घेतला नाही.

दुकानाची पायरी रिकामी होती.

बिरजू मिस्त्रींनी दाढी केली नव्हती. मूठ घेतली, शिंग काढलं, लाकूड बसवलं. दोन स्क्रू. लाकूड असं बसलं की जणू कधी निघालंच नव्हतं. घोडा त्यांनी आधीच बदलून ठेवला होता. 

"चौकीदार दिसत नाही," मी म्हटलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "मी मारलं त्याले, बाई."

"काय?"

"परवा घोडा बदलला. दुपारी जेवलो. हात धुतले. पोळीचा तुकडा घेऊन पायरीवर गेलो, रोज देतो तसा. त्यानं शेपटी हलवली... अन् माझ्या दुसऱ्या हातात हातोडी होती. कधी घेतली, आठवत नाई. मारलं त्याले. ते ओरडलं नाई, चाटत होतं माझा हात, अन् मी मारूनच राह्यलो. लोकांनी धरलं तेव्हा थांबलो." त्यांनी दोन्ही हात फडक्यावर उलटे ठेवले. "डोक्यात काही नव्हतं. हातच तेवढा... भरून आला."

हे शब्द मी आधी ऐकले होते. मामाजींकडून.

तो लाकूड ठेकेदार, ज्याच्याकडून मामाजींनी रिव्हॉल्व्हर घेतली. धुळवडीच्या दुपारी त्याच्या घरी सारे पंगतीला बसले होते. धाकटा भाऊ म्हणाला, दादा, रस्सा वाढ. ठेकेदार उठला, मोरीवर गेला, साबणानं हात धुतले, टॉवेलला पुसले, खुंटीवरची रिव्हॉल्व्हर काढली आणि भावाच्या उघड्या तोंडात गोळी घातली. मागच्या भिंतीवर भात आणि दात चिकटले होते, असं मामाजी म्हणाले. मग तो परत पाटावर बसला आणि जेवू लागला. पोलिसांत 'साफ करताना सुटली' असं लिहिलं गेलं. मामाजींना मात्र तो म्हातारपणी म्हणाला होता, "भावावर माझा जीव होता, वनपाल. मनात काही नव्हतं. हात भरून आला."

हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते ऐकत होते आणि बोटानं तो पितळेनं बुजवलेला खाना चाचपत होते.

"ज्या खान्यातून भावाले मारलं, तोच त्यानं बुजवला," ते म्हणाले. "बाई, चाळीस वर्षं मी हे काम करून राह्यलो. चोर नंबर घासते. शौकीन निकल चढवते. अडाणी माणूस नळी कापते. पण हे तीन काम... हे खराब करायचे काम नाई. एकानं मूठ काढून हातापासून तोडली. दुसऱ्यानं तोंड बुजवलं. तुमच्या सासऱ्यानं दात पाडले. तिघांनी तिले बांधली होती अन् आपण सोडून राह्यलो."

"मिस्त्री, असं काही नसतं." मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"नसते तर बरं. अजून पितळ काढलं नाई. म्हणाल तर आज घोडा घासतो, शिंग लावतो, होती तशी करून देतो. एक पैसा घेत नाई."

दुकानात साबणाचा वास येत होता. मोरी नव्हती तिथे, नळ मागच्या बोळात होता.

मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण होती तशी केली म्हणजे आठ हजार, आणि आठ हजार म्हणजे राजदीप. त्यानं ती कुठूनही वाजती करून घेतली असती. दिव्यानीची भुवई माझ्या डोळ्यासमोर होती. नागपूरचे डॉक्टर तिला काचेत ठेवतील, वाजवणार नाहीत. सहाही खाने खुले असल्याशिवाय ते घेणार नव्हते.

"काढा पितळ," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग दुकानात मी एकटा नाई काढत. तुम्ही बसा."

मी बसले. ड्रिल फिरलं. पितळेचा भुगा फडक्यावर पडत राहिला, आधी पिवळा, मग काळपट. मिस्त्रींनी पाय खुर्चीच्या पायाला गमछ्यानं बांधून घेतले होते. आरपार झालं तेव्हा आतून श्वास सोडल्यासारखा बारीक आवाज आला. हवा कोंडलेली असेल. मी तसंच मानलं.

पुढच्या सोमवारी राजदीपला, वारस म्हणून विक्रीच्या कागदावर सही करायला, दुकानात बोलावलं. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर ऑटोवाले भांडत होते, समोरच्या दुकानात उसाचा रस निघत होता. उजेड इतका की डोळे दिपत होते. डॉक्टरांचा माणूस तीन वाजता पैसे घेऊन येणार होता.

राजदीप गार्डच्या निळ्या शर्टात आला. मिस्त्रींनी फडक्यावर रिव्हॉल्व्हर ठेवली. रिकामी होती. हे मी तुम्हाला शपथेवर सांगते, कारण पुढे पोलिसांनी मला वीस वेळा विचारलं. मिस्त्रींनी चाक काढून दाखवलं, राजदीपनं पाहिलं, मीही पाहिलं. चाक दाराकडे धरलं तर सहा खान्यांतून बाहेरच्या रस्त्याचे सहा गोल दिसत होते. आरपार. दुकानात त्या मापाची गोळीसुद्धा नव्हती.

सहीआधी स्टॅम्पपॅडची शाई माझ्या बोटांना लागली होती. मी मागच्या बोळात गेले, नळावर हात धुतले, पदराला पुसले आणि परत आले. तिथे साबण होता. मी तो वापरला.

आले तर राजदीपच्या हातात रिव्हॉल्व्हर होती. तो काउंटरमागच्या आरशात स्वतःकडे बघत होता.

"सही नाई करत, आई," तो म्हणाला. "सव्वा लाख म्हणजे का चीज आहे ही. असली माल अन् तू दुसऱ्याले देऊन राह्यली. तुले माझ्यावर भरोसा नाई का?"

"राजदीप, ठेव ती."

"ही घेऊन आज दिव्यानीले आणायले जातो. पाहतो कशी नाई येत." तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, गालाला खळी पडून. "भेऊ नको, रिकामी आहे ना."

मी पुढे झाले आणि त्याच्या हातातून ती काढून घेतली. काढूनच घ्यायची होती. त्यानं सोडली पण सहज, आईनं मागितली म्हणून. ते लाकूड माझ्या तळहातात बसलं. आणि सगळं शांत झालं. ऑटोवाले, रसाचं यंत्र, पंखा. घागर भरावी तसा हात खांद्यापर्यंत भरत गेला. राजदीपचा चेहरा समोर होता, खळी अजून होती. माझ्या मनात त्या वेळी काय होतं, तेही सांगते. संध्याकाळी भाजी कुठली करायची, हे होतं.

माझ्या बोटानं चाप ओढला.

आवाजानं काउंटरची काच फुटली. राजदीप मागे भिंतीला लागला आणि हळूहळू खाली बसला. त्याच्या शर्टाच्या गुंड्यांमधून रक्त येऊ लागलं, आधी थोडं, मग ओंजळीनं ओतावं तसं. तो स्वतःच्या छातीकडे बघत होता, मग माझ्याकडे. "आई... काऊन?" एवढंच म्हणाला. तोंडातून रक्ताचा फुगा आला, फुटला.

आणि मी थांबले नाही. हे मी दिव्यानीलाही सांगितलेलं नाही. मी चालत जवळ गेले आणि त्याच्या कपाळाला नळी लावून ओढतच राहिले. खट, खट, खट. पुन्हा ती वाजली नाही, नुसतीच खटखट करत राहिली, आणि मी ओढत राहिले, तो डोळे उघडे ठेवून मरत असताना. शेवटी मिस्त्रींनी माझ्या मनगटावर हातोडी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली पडली तेव्हा मला पंख्याचा आवाज आला आणि मग माझा स्वतःचा.

हे बघा मनगट. वाकडंच जुळलं.

पोलिसांनी मला नेलं, मिस्त्रींना नेलं. पण त्यांना कागद जुळवता येईना. रिव्हॉल्व्हरमध्ये ना गोळी, ना रिकामं काडतूस, नळीत बारुदाची काजळी नाही. दुकानाची झडती घेतली, काही नाही. आणि राजदीपचा शर्ट. रक्तानं कडक झालेला, पण त्याला भोक नव्हतं. ना पुढून, ना मागून. ठाणेदार तो शर्ट उजेडात धरून दहा मिनिटं फिरवत होते.

शवविच्छेदन करणारे डॉक्टर तरुण होते, मृदू बोलायचे. त्यांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

"बाई, गोळी मिळाली," ते म्हणाले. "छातीतून गेली, पाठीत खांद्याच्या फऱ्याच्या हाडात अडकली."

मी मान हलवली. मला तेच ऐकायचं होतं. मी मारलं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

"पण एक विचारायचं आहे. तुमच्या मुलाला लहानपणी कधी गोळी लागली होती का? शिकारीत, चुकून... काही?"

"नाही."

"आठवा नीट. तीन-चार वर्षांचा असताना?"

"नाही साहेब. त्याला गोवर आला होता फक्त. काऊन?"

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "त्या गोळीवर हाड चढलं आहे. पूर्ण. छिन्नीनं फोडून काढावी लागली. असं हाड वाढायला खूप वर्षं लागतात. मी रिपोर्टात काय लिहू, मलाच कळत नाही."

काय लिहिलं ते मला माहीत नाही. साडेतीन महिन्यांनी मला सोडलं. मिस्त्रींनी दुकान सोडलं आणि ते त्यांच्या मुलीकडे बल्लारशाला गेले. रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या मालखान्यात आहे. नागपूरच्या डॉक्टरांचा दोनदा फोन आला. कोर्टातून सुटली की आधी मला सांगा, म्हणाले. सगळे भाग तिच्याच कारखान्याचे आहेत, आणि आता तिला इतिहासही आहे. दोन लाख देतो म्हणाले.

दिव्यानी माझ्याजवळच असते. मला आईच म्हणते. तिच्या भुवईचा व्रण पुसट झाला. घरात आता कुणी कुणावर हात उचलत नाही. मला एवढंच तर हवं होतं.

सम्यकाला मागच्या महिन्यात चौथं लागलं. परवा मी तिला आंघोळ घालत होते. तिनं पाठ माझ्याकडे केली आणि हात मागे वळवून फऱ्याखाली बोट ठेवलं.

"आजी, इथी गोटी आहे," ती म्हणाली. "कडक. हात लावून पाह्य ना."

"दुखते का?"

"नाई. वाढून राह्यली."

मी तांब्याभर पाणी ओतलं आणि गाणं म्हणायला लागले. दिव्यानीला काही सांगितलं नाही. तिला आता मी आंघोळ घालू देत नाही, रोज मीच घालते, ह्या डाव्या हातानं. पाठीला साबण लावताना तेवढी जागा सोडून देते.